शेऱ्याचा रकाना

कुर्ल्याकडून मानखुर्दकडे जाणाऱ्या हार्बरच्या रुळांलगत जमिनीचा मालक पावलागणिक बदलतो. रुळाशेजारची पट्टी रेल्वेची. तिच्या मागचा नाला महापालिकेचा. नाल्यापलीकडे जिल्हाधिकाऱ्यांची जागा, पुढे म्हाडाची, मध्येच एखादा खासगी तुकडा, ज्याच्या मालकीवरून कोर्टात दावा चालू. वस्तीत राहणाऱ्याला या हद्दी दिसत नाहीत. त्याच्या लेखी एकच गल्ली, एकच नळ, एकच गणेशोत्सव मंडळ. हद्दी दिसायला लागतात त्या प्रकल्प आल्यावर. मग गल्लीतल्या एका घराला इमारतीतल्या खोलीची चावी मिळते, समोरच्याला नोटीस, आणि दोन्ही दारांवर मोजणीवाल्यांनी सारख्याच रंगात आकडा टाकलेला असतो.

सरकारी कामासाठी उठवलेल्या माणसाला काय मिळणार, हे त्याचं काय गेलं यावरून ठरावं, अशी आपली साधी समजूत. महाराष्ट्रात ते बहुतेक वेळा त्याला कोण उठवतंय यावरून ठरतं. जागतिक बँकेच्या पैशातून लोकलचे रूळ वाढत असतील तर एक नियम, महापालिका जलवाहिनीची कड मोकळी करत असेल तर दुसरा, झोपडपट्टी पुनर्वसन म्हणजे झोपु योजना असेल तर तिसरा, धरण असेल तर चौथा. प्रत्येकाची तारीख निराळी, मागायचे कागद निराळे, कुटुंब कोणाला म्हणायचं याची व्याख्याही निराळी. पुनर्वसनावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. घरं लहान, लांब, कोंदट असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या घरांच्या रांगेत उभं राहायचा हक्क कोणाला, हे कसं ठरतं ते पाहायला गेलं की वेगळंच जग उघडतं.

झोपु योजनेत या जगाचं नाव परिशिष्ट-दोन. सक्षम प्राधिकारी, म्हणजे जागेप्रमाणे जिल्हाधिकारी, महापालिका किंवा म्हाडाचा अधिकारी, झोपडीधारकांची जी पात्रता यादी काढतो ती ही. अनुक्रमांक, झोपडीधारकाचं नाव, वापर निवासी की अनिवासी, क्षेत्रफळ, सादर केलेले पुरावे. आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात एकच शब्द असतो: पात्र, अपात्र किंवा अनिर्णित. यादी चिकटवली की वस्तीतले लोक ती उजवीकडून वाचायला सुरुवात करतात. आधी शेरा, मग बोट डावीकडे सरकवत आपलं नाव. नाव बरोबर छापलंय की नाही हे तिसऱ्या वेळेला बघतात, आणि बऱ्याचदा खरी गोम तिथेच असते.

कारण ही सगळी परीक्षा कागदाची आहे. मुंबईतल्या जुन्या झोपडीत पत्र्याच्या कपाटात किंवा खाटेखालच्या पेटीत एक कॅरीबॅग असतेच. तिच्यात फोटोपास, रेशनकार्डाची झेरॉक्स, लाईटबिलं, मतदार यादीचा उतारा, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. काही कागद लॅमिनेट केलेले, काहींची घडी फाटून चार तुकडे झालेले. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मिठी नदीकाठच्या अनेक घरांत या पिशवीचा लगदा झाला. कागद राहिले त्यांचेही प्रश्न कमी नाहीत. मीटर आधीच्या मालकाच्या नावावर. मतदार यादीत घर क्रमांकाच्या जागी नुसतं 'झोपडपट्टी'. बाईचं नाव माहेरच्या आडनावानं एका कागदावर, सासरच्या आडनावानं दुसऱ्यावर.

अशाच एका पात्रता तपासणीच्या कार्यालयात मी बाकावर बसून ऐकलेलं बोलणं लिहून ठेवलंय. कारकून वाईट माणूस नव्हता; उलट समोरच्या बाईंना बसा म्हणणारा त्या खोलीतला तो एकटाच.

"मावशी, हे बिल दोन हजार तीनचं आहे. आधीचं काही?"

"आधी मीटर शेठच्या नावावर होता ना."

"मग शेठचं काही पत्र?"

"शेठ वारला. त्याचा पोरगा म्हणतो, पत्र देतो, पण खोलीतला अर्धा हिस्सा माझा."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. त्याच्या फॉर्ममध्ये या उत्तरासाठी जागाच नव्हती. बाई त्या खोलीत मुलं वाढवून, दोघांची लग्नं करून मोकळ्या झाल्या होत्या. तिथे त्या राहत होत्या याबद्दल कोणालाच शंका नव्हती. प्रश्न होता तो १ जानेवारी २००० च्या आधी राहत होत्या का, हे दाखवणाऱ्या कागदाचा.

तारखांची ही रीत जुनी आहे. आणीबाणीत, जानेवारी १९७६ मध्ये, मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि मोजलेल्यांना ओळखपत्रं मिळाली. आपण सरकारच्या हिशेबात आहोत, हे झोपडीवाल्याला कागदावर पहिल्यांदा दिसलं ते तेव्हा. त्याच वर्षी मे महिन्यात तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी पोलीस बंदोबस्तात उठवली गेली आणि लोकांना जवळच्याच चिखलात, चीता कॅम्पला नेऊन टाकलं. त्यातली मेख अशी की जनता कॉलनीत मुळात लोक आपणहून आले नव्हते. शहराच्या इतर भागांतून हटवलेल्यांना महापालिकेनंच तिथे आणून वसवलं होतं. त्या लढ्यातून जोकिन अर्पुथम हे नाव पुढे आलं; पुढे ते राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचे नेते झाले आणि २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठानं १९८५ मध्ये निकाल दिला. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्या निकालातलं तत्त्व कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. निकालाच्या शेवटी काय आहे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. पदपथावरून हटवण्याची महापालिकेला मुभा मिळाली. फक्त तो पावसाळा सरेपर्यंत थांबायचं होतं. पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना, आणि तीही हटवण्याची पूर्वअट म्हणून नव्हे. जगण्याचा हक्क सगळ्यांना होता. जागा मिळायला मात्र नऊ वर्षांपूर्वीचं ओळखपत्र लागत होतं.

तेव्हापासून तारीख पुढे सरकत आली. १९७६ नंतर १९८०, मग १९८५, मग १ जानेवारी १९९५. ही शेवटची तारीख शिवसेना-भाजप युतीच्या काळातली. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं, ही त्या वेळची घोषणा. २००४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं मुदत २००० पर्यंत नेण्याचं आश्वासन दिलं. निवडणूक जिंकली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून १९९५ नंतरच्या झोपड्यांवर बुलडोझर चालले. काही आठवड्यांत ऐंशी-नव्वद हजार झोपड्या गेल्याचे आकडे तेव्हा छापून आले. मतं २००० च्या तारखेवर मागितली आणि तोडलं १९९५ च्या तारखेवर. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, कायदा दुरुस्त होऊन २००० ही तारीख पक्की झाली. पुढे २००० ते २०११ मधल्यांना पैसे भरून घर देण्याची सोय झाली आणि २०२३ मध्ये त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरली.

या तारखांना काही शास्त्र आहे का, असं विचारलं तर अधिकारी एकच कारण देतात: तारीख नसेल तर रोज नव्या झोपड्या उभ्या राहतील. या कारणात तथ्य नाही असं नाही. योजना जाहीर झाल्यावर रातोरात पत्रे ठोकून 'पात्र' होणारे, आणि त्यांना मागच्या तारखेचे कागद करून देणारे दलाल, हे मुंबईत राहणाऱ्या कोणालाही माहीत आहेत. पण त्यासाठी तारीख प्रकल्पाच्या आदल्या दिवसाची असली तरी पुरतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची लागत नाही. हे मी तर्कानं म्हणत नाही. याच मुंबईत एकदा तसं करून झालंय.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, ज्याला सगळे एमयूटीपी म्हणतात, त्याची गोष्ट ही. लोकलचे रूळ वाढवायचे, जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते करायचे. रुळांच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीस फुटांच्या आत हजारो झोपड्या, त्यामुळे गाडीला वेग घेता येत नव्हता, आणि माणसं मरत होती ती वेगळीच. पैसे जागतिक बँकेचे. बँकेची अट साधी होती: प्रकल्पामुळे जो हलेल त्याचं पुनर्वसन, जमिनीवर त्याचा कायदेशीर हक्क असो वा नसो. रेल्वेचं स्वतःचं असं धोरण नव्हतं. तिच्या लेखी रुळाकडचा माणूस अतिक्रमण करणारा, बाकी काही नाही. म्हणून राज्यानं जबाबदारी घेतली. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या कार्यगटानं आराखडा केला, १९९७ मध्ये सरकारनं धोरण स्वीकारलं आणि २००० मध्ये त्यात सुधारणा झाली.

या धोरणात पात्रतेची तारीख होती ती पायाभूत सर्वेक्षणाची. त्या दिवशी तिथे जो राहताना सापडला, तो बाधित. घरमालक, भाडोत्री, पोटभाडोत्री, झोपडीवाला, पदपथावरचा, सगळे यादीत धरले होते. १९९५ चा मतदार यादीचा उतारा मागायची गरज उरली नाही. सर्वेक्षण कोणी करायचं, यातही वेगळेपण होतं. स्पार्क ही संस्था, महिला मिलन आणि रेल्वे झोपडपट्टीवासीयांचा महासंघ यांनी वस्तीतल्याच लोकांना घेऊन घरांना आकडे टाकले, गल्लीचे नकाशे काढले, यादी वस्तीत लावून हरकती घेतल्या. शेजारी कोण कधीपासून राहतं, हे शेजाऱ्याइतकं कोणाला कळणार? खोटा दावा तिथल्या तिथे पकडला जाई, आणि राहिलेलं नावही तिथेच भरलं जाई.

सगळं गोडीगुलाबीनं झालं, असं मात्र नाही. २००० च्या सुरुवातीला रेल्वेनं हार्बरच्या कडेच्या झोपड्या अचानक तोडल्या, तेव्हा महासंघानं आंदोलन करून ते थांबवलं. जागतिक बँकेचं कर्ज मंजूर झालं २००२ मध्ये. बाधितांचा आकडा आधीच्या अंदाजावरून वाढत सुमारे एक लाख वीस हजार माणसांवर गेला. लोक मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडला, वाशी नाक्याला, ओशिवऱ्याला गेले. सात मजली इमारती, प्रत्येकाला २२५ चौरस फुटांची खोली.

आणि धोरण ठेचाळलं ते दुकानदारांपाशी. कुर्ल्यात सांताक्रूझ-चेंबूर रस्त्याच्या आड येणाऱ्या गाळ्यांमध्ये बरेच जुने, परवाना असलेले, माणसं कामाला ठेवलेले व्यावसायिक होते. त्यांना निवासी माणसाच्याच मापानं मोजलं गेलं: २२५ चौरस फूट मोफत, जास्त हवं तर पैसे मोजा. ज्याचा गाळा आठशे फुटांचा, ज्याच्या मशिनी जमिनीत बोल्टनं बसवलेल्या, ज्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून जाताना आत डोकावतं, त्याला लांबच्या वसाहतीतला गाळा घेऊन काय करायचं? युनायटेड शॉप ओनर्स असोसिएशननं एप्रिल २००४ मध्ये थेट वॉशिंग्टनला, बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मागोमाग आणखी तीन संघटनांच्या तक्रारी गेल्या. मंडळानं २००५ च्या अखेरीस अहवाल दिला, त्यात बँकेनं स्वतःचेच नियम पाळले नसल्याचं म्हटलं होतं. मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी रोखला, जूनअखेर पुन्हा सुरू केला. आपल्या दुकानासाठी कुर्ल्यातल्या माणसाला अमेरिकेत अर्ज करावा लागला आणि तिथे तो ऐकलाही गेला, हे मला अजून विलक्षण वाटतं. झोपु योजनेतल्या दुकानदाराला असा दरवाजा नाही.

इथेच माझा मुद्दा येतो. एमयूटीपीत रुळाकडच्या माणसाला घर मिळालं, कारण कर्ज देणाऱ्याची तशी अट होती. तोच रूळ, पण कर्ज नसेल तर? सुरतमध्ये उधना-जळगाव मार्गाच्या तिसऱ्या रुळासाठी वस्त्या उठवायची वेळ आली. सुरतेच्या कामगार वस्त्यांत खानदेशातून गेलेली माणसं किती आहेत, हे जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाला सांगायला नको. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये आदेश झाला: तुटलेल्या प्रत्येक घरामागे महिना दोन हजार रुपये सानुग्रह, सहा महिने. म्हणजे बारा हजार. पक्क्या घरासाठी सरकारी गृहयोजनेत अर्ज करायची मुभा, ती वेगळी. मानखुर्दला रुळाकडच्या कुटुंबाला मिळालेली खोली आणि सुरतेतले हे बारा हजार, दोन्ही एकाच भारतीय रेल्वेच्या रुळांपायी.

यावर कोणी म्हणेल, २०१३ चा भूसंपादन कायदा आहे की. आहे, आणि कागदावर तो चांगला आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यानं बाधित कुटुंबाची व्याख्या बरीच रुंदावली. ज्याची जमीन जाते तोच नव्हे, तर त्या जमिनीवर तीन वर्षं राबणारा शेतमजूर, कूळ, कारागीर, ज्याचं पोट तिच्यावर चालतं, तोही बाधित. शहरात तीन वर्षं राहणारं कुटुंबही. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई यांना स्वतंत्र कुटुंब मानायचं. सज्ञान व्यक्ती स्त्री असो वा पुरुष, तीही स्वतंत्र कुटुंब. त्याआधीच्या नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात स्वतंत्र कुटुंबाचा मान होता तो सज्ञान मुलाला. मुलीचा उल्लेख नव्हता. नव्या कायद्यात शहरी बाधिताला किमान पन्नास चौरस मीटरचं घर, वर्षभर महिना तीन हजार रुपये निर्वाह, सामान हलवायला पन्नास हजार. आकडे मोठे नाहीत, पण यादी नीट विचार करून केलेली दिसते.

अडचण अशी की हा कायदा चालतो संपादन झालं तरच. सरकारी जमिनीवरची झोपडी सरकार संपादन करत नाही, ती 'निष्कासित' करतं. स्वतःचीच जमीन कशी संपादन करणार? त्यामुळे मुंबईतली बहुसंख्य विस्थापित माणसं या कायद्याच्या दारातच येत नाहीत. आणि जिथे जमीन खासगी आहे, तिथेही वाट काढता येते. राज्यानं २०१५ मध्ये थेट खरेदीचं धोरण आणलं: खातेदाराशी बोलणी, जादा मोबदला, सही, विषय संपला. सातबारावर ज्याचं नाव त्याला हे परवडतं. समृद्धी महामार्गाच्या कडेला नव्या गाड्या दिसतात त्या त्यामुळेच. पण खरेदीखतावर मजुराची सही लागत नाही, वाटेकऱ्याची लागत नाही. त्यांची तीन वर्षं कोणी मोजतच नाही.

सातबारा नसला की काय होतं, हे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या आदिवासींनी सरदार सरोवराच्या वेळी भोगलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात. डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या नांगरलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची, म्हणून कसणारा भूमिहीन. बुडितात घर दिसत असताना यादीत 'अघोषित'. नर्मदा लवादानं जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर बागायती जमीन देऊ केली होती, तेव्हाच्या मानानं फार उदार, पण ती मिळायला आधी खातेदार ठरावं लागे. २००१ मध्ये न्यायमूर्ती दाऊद समिती नेमावी लागली, ती नेमकं कोण बाधित आणि कोणाचं राहून गेलंय याचीच मोजणी करायला. कोयनेचं तर बोलायलाच नको. धरण झालं साठच्या दशकात, राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा आला १९७६ मध्ये, आणि धरणग्रस्तांची नातवंडं अजून साताऱ्याला ठिय्या देऊन बसतात.

नियम प्रकल्पागणिक बदलण्याचा हा रोग फक्त आपलाच नाही. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत महामार्गांसाठी आणि शहर-सुधारणेसाठी वस्त्या सपाट झाल्या तेव्हा तिथेही हेच होतं. महामार्ग खात्यानं हटवलं तर एक भरपाई, गृहनिर्माण खात्यानं हटवलं तर दुसरी. तिथल्या काँग्रेसनं १९७० मध्ये केंद्रीय पैशातल्या सगळ्या प्रकल्पांना एकच स्थलांतर-साहाय्य कायदा लावला. त्याच्या नावातच 'एकसमान' आहे. भाडोत्री असाल आणि जागेची बोलणी सुरू होण्याआधी नव्वद दिवस तिथे राहत असाल, तर नव्या घराच्या वाढीव भाड्यासाठी मदत. दुकान असेल तर मशिनी हलवण्याचा खर्च. जागा सोडायला किमान नव्वद दिवसांची लेखी सूचना. हे वाचून हुरळून जायला नको. बेकायदा घुसलेल्याला तिथेही काही मिळत नाही, आणि १९९७ पासून देशात बेकायदा राहणाऱ्यालाही नाही. तो कायदा मुंबईत जसाच्या तसा आणला तर निम्मी वस्ती पहिल्या चाळणीतच गळेल. घेण्यासारखं त्यात एवढंच आहे: कोणतंही खातं आलं तरी माणसाला विचारायचे प्रश्न तेच.

आपल्याकडे मात्र एकदा पात्र ठरल्यावरही कोणाच्या यादीत पात्र ठरलात, याला महत्त्व उरतंच. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करायचे उच्च न्यायालयाचे आदेश होते. महापालिकेनं तिथल्या पात्र कुटुंबांना माहुलला पाठवलं, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत, ७२ इमारतींच्या वसाहतीत. तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोकांनी विद्याविहारला पदपथावर महिनोन् महिने ठाण मांडलं. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, यांना माहुलला राहायला भाग पाडू नका. दुसरं घर द्या, नाहीतर महिना पंधरा हजार भाडं आणि पंचेचाळीस हजार अनामत द्या. पुढे, २०२५ मध्ये, महापालिकेनं तिथली रिकामी पडलेली सुमारे नऊ हजार घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास किमतीत विकायला काढली. मुंबईत त्या किमतीत खोली मिळते म्हटल्यावर झुंबड उडायला हवी होती. अर्ज आले ते मूठभर. जलवाहिनीवरच्या माणसाला मात्र, नको म्हटल्यावर, घर नाकारणारा ठरवलं गेलं होतं.

एमयूटीपीच्या वसाहतींचंही फार कौतुक करायला नको. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लागतो. प्रकाश आणि वारा नसण्याचा तिथल्या क्षयरोगाशी संबंध असल्याचं 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासानं दाखवलं. घर मिळालं, फुप्फुस गेलं, असं तिथे चेष्टेनं म्हणतात. तरीही पात्रतेचा नियम म्हणून पाहिलं तर तो एमयूटीपीचाच बरा होता, हे माझं मत या इमारती पाहूनही बदलत नाही. इमारतीची रचना ही नकाशाची चूक. नकाशा दुसरा करता येतो. यादीतून वगळलेला माणूस मात्र नकाशावर येतच नाही.

आता सगळ्यांच्या नजरा धारावीवर आहेत. सुमारे सहाशे एकर, आठ-दहा लाख माणसं, मार्च २०२४ पासून सुरू झालेलं घरोघरचं सर्वेक्षण. पुनर्विकास करणाऱ्या कंपनीत अदानी समूहाचा वाटा ऐंशी टक्के, राज्याचा वीस. इथे अपात्र म्हणून कोणालाच रस्त्यावर सोडणार नाही, असं सरकार सांगतं, आणि नियम वाचले तर तसं दिसतंही; आजवरच्या योजनांपेक्षा जाळं मोठं आहे, हे मान्य करायला हवं. पण एकाच शिडीवर तीन प्रकारची माणसं बसवली आहेत. तळमजल्यावर १ जानेवारी २००० च्या आधीपासून असलेल्याला धारावीतच साडेतीनशे चौरस फुटांचं घर, मोफत. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्याला धारावीबाहेर तीनशे फूट, अडीच लाख भरून. २०११ नंतर, १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्याला आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांना धारावीबाहेर भाड्याचं घर, हप्त्यांनी विकत घेण्याची सोय ठेवून.

वरच्या मजल्यावरचे, म्हणजे कोण, हे धारावीत कधी गेलेल्याला सांगावं लागत नाही. तळमजल्यावर चामड्याचं किंवा शिलाईचं काम, बाहेरून टेकवलेली लोखंडी शिडी, वर पोटमाळ्यावर चार-सहा कारागीर किंवा एखादं कुटुंब, कधी त्याच्याही वर आणखी एक माळा. काही जण तिथे तीस वर्षं आहेत, म्हणजे खालच्या बऱ्याच 'पात्र' मालकांच्याही आधीपासून. त्यांच्याकडे लाईटबिल नाही, कारण मीटर खालच्याचा. नियम त्यांची तारीख विचारत नाही, मजला विचारतो. कारागीर बाहेर राहायला गेला की गाळा चालणार कोणाच्या हातांनी, हे सर्वेक्षणाच्या अर्जात कुठे लिहायचं? गाळेवाल्याला २२५ फूट मोफत मिळतील. शिडीवरच्या माणसाला धारावीबाहेरच्या भाड्याच्या घरातून, समजा मुलुंडच्या मिठागराकडून, रोज पहाटे यायला किती वेळ लागेल, याचा हिशेब तो स्वतःच करतोय. आणि तो तिथे पोचेपर्यंत खालचा शेठ नवीन पोरगं ठेवणार नाही याची हमी त्याला कोणत्याच परिशिष्टात मिळालेली नाही.